समीनाला एक धड येत न्हाई

नसरापूर, शनवार सकाळ
(लाईट न्हाई, गिरणी बंद, म्हणून लिहायला सवड)

आदरणीय जलीलभाई यांना धाकट्या अन्वरीचा सलाम. तुमचा गुडघा कसा हाय? कोंढव्याचे डाक्टर नुसती मलमं देतात, त्यापरीस जिना कमी चढा. भाभींना सांगा, मेथीचे लाडू संपले असतील तर डबा परत पाठवा, डबा माझा हाय. हितं सगळे खुशाल, म्हंजे मला सोडून सगळे. तिसरीतनं शाळा सुटलेली मी, अक्षर समजून घ्या.

पत्रास कारण की, तुमचंच खरं निघालं. ईदेला सगळ्यांसमोर तुमी म्हणाला होता की समीनाला एक धड येत न्हाई, धा ठिकाणी तोंड घालते, तिचं लग्न उरका. तवा मला राग आलेला (शीरखुर्म्याची दुसरी वाटी तुमाला लहान आली, ती मुद्दाम). पण आता मी दमले. सारोळ्याचं स्थळ तुमीच काढलंत, पाहुणे उद्या रविवारी बघायला येणार, पोरगा बरा हाय म्हणतात. माझी काय तक्रार न्हाई. तक्रार आमच्याच लेकीची हाय, ती ऐकून घ्या.

बारावी झाली, तर म्हणाली टायपिंग करते. मराठी झालं, मग इंग्रजी. म्या म्हणलं झालं बाबा. मग एमएससीआयटी. मग टॅली. मग भोरला जाऊन हार्डवेअर, म्हंजे कंप्युटरची पेटी खोलून आतलं बघायचं. वडापच्या जीपमधी लोंबकळत भोरला पोचावं तर तिथं लाईट गेलेली. मग ही बया परत येऊन साबणाच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून त्यावर टायपिंगची बटणं काढायची आणि गिरणीच्या बाकावर बसून पुठ्ठ्यावर बोटं बडवायची. बाजरी घेऊन आलेली फुलाबाई मला हळूच इचारती, पोरीला कुणाची नजर लागली का? आता भिंतीवर पाच सर्टिफिकिटं हायेत आणि दर जुम्म्याला त्यांच्यावरचं पीठ मी पुसते. म्या म्हणलं, अगं भवाने, एक कायतरी धर की. तर म्हणते, अम्मी, नुसतं टायपिंग येणारे ढीग हायेत, नुसती पेटी खोलणारे बी ढीग हायेत, दोन्ही येऊन वर माणसाशी नीट बोलणारा मिळत न्हाई. म्या म्हणलं, बोलायला तुला कुठं क्लास लावावा लागला?

गेल्या साली कुणाचा तरी मोडका कंप्युटर आणून तिनं जोडला. घरात जागा न्हाई, म्हणून ठेवला गिरणीत, चादर टाकून. पीठ काय चादरीला इचारून आत जातं? धा-बारा दिवसांत पेटीतनं खर्र खर्र आवाज. ती गेलेली भोरला. आता भाई, वीस वर्सं मी गिरणी चालवते, खर्र वाजलं की बेरिंग कोरडं पडलं हे मला झोपेत बी कळतं. म्या मागच्या जाळीतनं तेलाची बुधली लावली, चार थेंब सोडले. आवाज थांबंना, म्हणून अजून सोडलं. (किती ते मला इचारू नका, तिनं इचारलं तेवढं बास झालं.) आवाज थांबला, पण कंप्युटर बी थांबला. खोललं तर आत तेलात पीठ भिजून कणीक झालेली. पोरीनं सगळे सुटे भाग पेपरावर मांडले, दोन दिवस ब्रशनं खरवडत बसली. फुलाबाईनं इचारलं, ह्यातलं काय विकायचं हाय का? तिसऱ्या दिवशी चालू झाला.  मग तिनं कागद टाईप करून पेटीवर चिकटवला, ‘अम्मीने तेल घालू नये.’ गिऱ्हाईकं येताजाता वाचतात.

मग परवा पुण्याला एका कंपनीनं मुलाखतीला बोलावलं. ते दुकानांना आणि पतसंस्थांना कंप्युटर बसवून देतात. हिच्याबरोबर चार पोरं, मोठ्या मोठ्या डिग्रीवाली. तिथं एक बंद कंप्युटर मांडलेला आणि त्याचा मालक, मसाला कांडपवाला, साहेबावर वरडत उभा. पोरं म्हणाली प्रोग्राम बिघडला, नवा टाका. हिनं वास घेतला, पेटी खोलली, आतली मिरची पूड झाडली, पंखा मोकळा केला (सगळ्यांना शिंका, साहेबाला सगळ्यांत जास्त). कंप्युटर लागला, तरी मालकाचं तोंड चालूच. तर आपली बाई गिरणीतल्या सवयीनं, दळणाला खोळंबलेल्या गिऱ्हाईकाला म्हणावं तसं म्हणून गेली, ‘काका, बसा घटकाभर, तुमचाच डबा घेतलाय.’ माणूस हसत खाली बसला. मग हिनं त्याच्या कामगारासाठी मराठीत सूचना टाईप करून दिली, पंखा दर आठवड्याला झाडावा, तेल घालू नये. साहेबानं इचारलं, गिऱ्हाईकाशी बोलायचं कुठं शिकलात? ही म्हणाली, अम्मीच्या गिरणीत. त्याचं सर्टिफिकीट मातर भिंतीवर न्हाई. घरी येऊन मला हे सांगितलं तवा मी पट्टा बसवत होते, म्हणून तोंड फिरवून उभी राहिले. पीठ डोळ्यात जातं.

तर असं हाय. पोरीला धा गोष्टी येतात आणि मी दमले. भाभींना सलाम, लेकरांना दुवा.

तुमची बहीण
अन्वरी

ता. क. सारोळ्याच्या पाहुण्यांना आजच फोन करा, येऊ नका म्हणावं. शब्द तुमी दिलाय, तुमीच फिरवा. माझं बोलणं तुमाला ठाऊक हाय, मी फोन केला तर कायमचं बिनसंल.

ता. क. दुसरा. साहेबानं तिला घेतली, सोमवारपास्नं कामावर. एकट्या पोरीला पुण्यात खोली कोण देणार? तुमची माडी रिकामी हाय आणि तुमाला जिना चढवत न्हाई.

ता. क. तिसरा. हे पाकीट टपालानं आलेलं न्हाई, तिच्याच हातात दिलंय. आत मसाल्याचं प्रमाण हाय असं सांगितलंय. तुमी एक एक अक्षर लावून वाचता, म्हंजे एवढ्यात ती कपड्यांची पिशवी घेऊन दारात लई येळ ताटकळली असंल. आधी तिला आत घ्या, मग माझ्यावर चिडा. गप उभं राहणं, तेवढं एक तिला धड येत न्हाई.