पावडरीच्या डब्यातलं पीठ

माय,

पिठाच्या डब्याचं झाकण तू उलथन्याच्या टोकानं उचकटायचीस, तेव्हा ‘टण्ण’ व्हायचं. तो आवाज मला अजून ऐकू येतो. डबा मीच आणला होता, कपाशीच्या औषधांच्या दुकानात नोकरीला होतो तेव्हा. किडीच्या पावडरीचे रिकामे डबे आम्ही दुकानातली माणसं घरी न्यायचो. जाड पत्रा, घट्ट झाकण. ज्याच्या घरी असा डबा त्याचा तोरा काही औरच. राखेनं तीनदा घासून, उन्हात वाळवून मी तो तुझ्यापुढे बक्षिसासारखा ठेवला. तू आत नाक घातलंस.

“वास येऊन राह्यला बाप्पा. सून पोटुशी हाय, तिले यातली भाकर कशी देऊ?”

“दुकानात मी बसतो का तू? तुले काय समजते त्यातलं!”

ज्वारीचं पीठ त्याच डब्यात गेलं.

मी आपला स्वप्नात. मूल होईल, मांडीवर बसवून त्याला शाळेतल्या साऱ्या कविता शिकवीन. पोर झाली. तिसरं वर्ष सरलं तरी तिला धड चालता येईना, ‘माय’ म्हणता येईना. मी रोज एकच ओळ चालीवर म्हणायचो आणि ती नुसती माझ्या ओठांकडे बघत राहायची. मग माझ्या सासूबाई आल्या. ओसरीवर सगळ्यांदेखत तुला म्हणाल्या, “गिरानात पोटुशीले भाकरी थापाले बसवलं तुमी, इहीनबाई. माही नात भोगून राह्यली.” मी तिथंच सुपारी कातरत होतो. त्या क्षणी मला डब्याचा वास आठवला, माय. मी कातरतच राहिलो. तू पदर तोंडाशी धरून म्हणालीस, “माहंच चुकलं असन.” मरेपर्यंत प्रत्येक ग्रहणाला तू उपाशी राहिलीस.

मध्यंतरी मुलीला सुजलेला गळा दाखवायला नेलं, तेव्हा डॉक्टरीणबाईंना डब्याचं विचारलं. त्या म्हणाल्या, पोटातल्या बाळाचा मेंदू घडायला आईच्या गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीचा रस लागतो. अशी काही विषं अंगात साठून त्यात बिघाड करू शकतात. तुमच्या मुलीचं त्यानंच झालं, हे आज कुणी छातीठोक सांगणार नाही. पण ग्रहणानं नक्की नाही.

घरात हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायको गेली, तीही तुलाच दोष देत.

आत्ता कडी वाजली. मुलगी दारात. मेडशीला तिच्या धाकट्या भावाकडे असते, एकटी एसटीत कधी बसली नव्हती.

“बाबा... मी... एकटी आली. काय लिहून राह्यले?”

“काही नाही,” म्हणालो. बघ माय, आजही.