डागाआधीचं दुखणं

८ नोव्हेंबर १९५४

पेन्शनीच्या अर्जाले नाई म्हणून उत्तर आलं. मूल गावच्या कचेरीपुढं बापूजी अर्जवाल्यानं इंग्रजी कागद वाचून सांगितला. डोक्याले जखमेची खूण नाई, म्हणून दुखणं लढाईचं नाई. पेन्शन नाई.

लढाईत पलटणीकडून बर्मात सडकेच्या कामावर होता माह्या मंगलीचा बाप. बाजूच्या लारीवर इमानातून बाम पडला, हा उडून नालीत पडला. दोन दिवस सुध नव्हती. रक्त नाई निघालं, तो त्याचा गुन्हा झाला.

बापूजी म्हणे, "बाई, एखादा व्रण असता तर काम सोपं होतं."

म्हटलं, "मंग काय घरून कुऱ्हाड मारून आणू?"

तो हसला. मी नाई हसली. अपील लिहा म्हटलं.

११ नोव्हेंबर

आज पुन्हा. सकाळी धान कापाले उतरला अन् बांधीच्या धुऱ्यावरच बसला. डावा डोळा झाकून. मी समजली. घरी आणला, कोठ्यात अंधारात निजवला. ओला फडका डोक्यावर. उलट्या. कोंबडी ओरडली तरी दात खाते.

दीर गुणवंता एकटाच कापत राह्यला. तोंडानं काई बोलत नाई, पण विळा कसा चालवते त्यावरून समजते. गावात तं सरळच म्हणतात — पेन्शनीचं सोंग आहे. सोंगात माणूस असा पिवळा पडते का?

१४ नोव्हेंबर

गुणवंता आज बोलला. "वहिनी, पेन्शन आली तं गडी ठेवू. नाई आली तं माह्यानं दोघांचं काम होत नाई. वाटणी करून घेऊ."

त्याचं चूक नाई. पण वाटणीत आलेली धानाची बांधी मी अन् पोरगी मिळून किती पाहणार?

९ जानेवारी १९५५

गुणवंतानं डोमाले आणलं. या भागात डोकं, पाठ, गुडघे, कोणाचं काई राह्यलं नाई की डोमा. डाग देते. शेणीच्या इंगळावर विळ्याचं टोक लाल केलं. मंगलीले शेजारी पाठवली. गुणवंतानं खांदे धरले, मी पाय धरले. दोन्ही कानशिलांवर चुर्र झालं. वास आला. यानं हूं का चूं नाई केलं. पाय तेवढे माह्या हातात थरथरले.

डोमा म्हणे, "आता गुळाचं काई देऊ नको. डोस्कं पळून जाईल."

म्हटलं, "डोस्कंच पळून गेलं तं पेन्शन कशावर मागू?" तेव्हा हाही हसला. किती दिवसांनी हसला.

१७ जानेवारी

दुखलं नाई अजून. बोलत नाई मी त्यावर. दृष्ट लागते.

२ फेब्रुवारी

दुखलं. डाग ओलेच आहेत.

२४ फेब्रुवारी

नागपूरले डाक्तरांच्या बोर्डापुढं जाऊन आलो. अपिलावर पुन्हा तपासणी.

रस्ताभर घोकवलं — उलटी सांग, अंधारी सांग, कामाचं सांग. आत गेला अन् टाच जोडून काठीसारखा उभा राह्यला. डाक्तरानं विचारलं, कैसा है? हा म्हणे, "ठीक है साब!"

दारातून मी ओरडली, "ठीक नाई!" चपराश्यानं बाहेर काढलं.

मंग डाक्तरानं कानशिलं पाह्यली. बोट लावून पाह्यली. कशानं झालं म्हणे. यानं सांगितलं, गावात डाग देला. डाक्तरानं लिहिलं, खूप लिहिलं.

मोटारीत मी बोललीच. "ठीक है म्हणाले गेला होतास का रे इतक्या लांब?"

म्हणे, "साहेबानं विचारलं की तेच निघते तोंडातून. पलटणीत सात वर्षं तेच म्हटलं."

१९ मार्च

बापूजीनं बोर्डाचा शेरा वाचून दाखवला. गावठी इलाजानं भाजल्यामुळं डोकं दुखते.

पयले खूण नाई म्हणून नाई. आता खूण आहे तं खुणेनंच दुखते. मी कागद मागितला, चुलीत घालाले. बापूजीनं देला नाई. म्हणे, चांद्याले अपिलाचे साहेब येणार आहेत. डागाच्या आधी दुखत होतं हे कोणी सांगितलं पाहिजे. गावच्या माणसाचं ऐकत नाईत, सगळे तुमचेच म्हणतात.

म्हटलं, "ज्यानं डाग देला त्याचं ऐकतील का?"

बापूजीनं टाक खाली ठेवला. "बाई, हे मले सुचाले पाहिजे होतं."

२३ मार्च

डोमाच्या घरी गेली. मोहा वाळत घातला होता, वासानं मलेच गरगरलं. मंगलीच्या बापाले तं या दिवसांत घराबाहेर काढता येत नाई.

डोमा नाई म्हणे. "सरकार डागणाऱ्याले पकडते. मी नाई येत."

"माणसाच्या डोक्यावर लोखंड टेकवताना भेव नाई वाटलं?"

"ते माह्यं काम आहे."

"मंग कामाचंच सांगाचं आहे. दुखत होतं म्हणून डागलं. एवढंच. दुसरं काई नाई."

चिलीम ओढून संपवली. मंग म्हणे, या फाटक्या धोतरानं साहेबापुढं येऊ का? मंगलीच्या बापाचं लग्नातलं धोतर देलं. म्हातारा खूश झाला.

६ एप्रिल

चांद्याहून आलो. लिहावं वाटत नाई. लिहिते.

साहेब चांगला होता. बसा म्हणाला. असं कोणी म्हटलं नव्हतं आजपर्यंत. डोमाले विचारलं, "डाग देण्याच्या आधी याचं डोकं दुखत होतं?"

"होतं तं साहेब. म्हणून तं देला."

मी बापूजीकडे पाह्यलं. तो मान हलवून राह्यला होता. झालं काम, असं वाटलं.

साहेब म्हणे, "किती आधीपासून?"

डोमानं धोतर सारखं केलं. ताठ झाला. "याले मी आजपासून नाई ओळखत साहेब. लहान पोरगा होता तवा याची माय कडेवर घेऊन आली होती. असंच डोस्कं, अशाच उलट्या. कानामागं पहा. माह्याच हातचा डाग आहे. पाच-सात वर्षं दुखणं उठलं नाई मंग!"

साहेब उठला. यानं आपणच कान मुडपून दाखवला. होता डाग. इतकी वर्षं त्या डोक्याले तेल लावून राह्यली मी. फोडाचा वण समजत होती.

साहेबानं लिहिलं. बापूजी खाली पाहून राह्यला.

मोटारीत विचारलं, "ठाऊक होतं तुले?"

म्हणे, "लहानपणचं. बंद झालं होतं. बामानंतर आलं ते त्यापेक्षा दसपट आलं. ते खोटं आहे का?"

"भरतीच्या वेळी विचारलं नव्हतं कोणी?"

"विचारलं होतं. ठीक है साब म्हटलं."

डोमा मागच्या बाकावरून वाकला. "बरोबर सांगितलं ना बाई? सगळं आठवते मले."

हो म्हटलं.

१३ जून

हुकूम आला. दुखणं भरतीच्या आधीचं, वाढलं ते डागानं. अपील नामंजूर. यावर आता अर्ज नाई.

बामाचं एक अक्षर नाई त्यात. जसा काई पडलाच नाई.

बापूजी म्हणे, "बाई, मी आधी डोमाले एकट्याले विचाराले पाहिजे होतं." म्हटलं, मीही. उठून आली.

गुणवंताले घरी येऊन सांगितलं. तो म्हणे, "धानाचा रोवणा होऊ दे वहिनी. मंग वाटणी करू."

२७ जून

पाऊस लागला. धानाचे पऱ्हे टाकले, रोपं वाढली की रोवणा.

३० जुलै

रोवणा चालू आहे. मंगली मधातच बांधीतून बाहेर आली. धुऱ्यावर बसली, डावा डोळा दाबून. उलटी केली. म्हणे, माय, उजेड खुपते, एकाच बाजूनं कोणी ठोकून राह्यलं.

बाप दुरून पाहत होता. जवळ नाई आला.

गुणवंतानं विचारलं, काऊन, काय झालं पोरीले?

म्हटलं, पोट दुखते.