आठ फुटांची दारं

४ मार्च
प्रदूषण मंडळाचं पत्र. तक्रार आलीय म्हणे, फर्निचरला पॉलिश मारताना फवारा आणि वास बाहेर जातो. मंगळवारी तपासणी. सगळं स्प्रेचं काम बंद बूथमध्ये, पंखा-फिल्टर चालू ठेवून होतं हे दाखवायचं. नाही दाखवलं तर काम बंद. वडिलांनी, आबांनी उभं केलेलं वर्कशॉप माझ्या हातून बंद पडतं की काय. जेवण गेलं नाही.
तक्रार कुणाची हे सांगायला ज्योतिषी नको. मागच्या घरातल्या अक्का. परवाच गच्चीवरून ओरडल्या, "मना बिबडासले थिनरना वास येस!" बिबडं म्हणजे त्यांचे गच्चीत वाळत घातलेले ज्वारीचे पापड. मी हसण्यावारी नेलं.

५ मार्च
नानांना विचारलं. आबांच्या वेळेपासूनचे आमचे पॉलिश मिस्त्री, अमळनेरकडचे. फवाऱ्याची गन दुसऱ्याच्या हातात देत नाहीत.
"बठ्ठं बूथमाच मारस मी. तू फिकीर नको करू भाऊ."
बरं वाटलं. तासभरच.

९ मार्च
दिवसभर साफसफाई, लग्नघर असल्यासारखी. बूथच्या भिंती घासून घेतल्या. फिल्टर चॉकलेटी होऊन कडक झाले होते, ते घंटागाडीत दिले, नवे पांढरेशुभ्र लावले. नानांनी पंख्याला हळदकुंकू लावून नारळ फोडला. सौ. म्हणाली, "आता अधिकारी इथे जेवायलाच बसतील." तेवढंच हसलो आज.

१० मार्च
गेलं सगळं.
मंडळाच्या मॅडम आल्या. तरुण, शांत, चहासुद्धा नाही घेतला. बूथमध्ये जाऊन फिल्टरवर बोट फिरवलं.
"कधी लावले?" "काल." "जुने कुठे?" "टाकले."
"भाऊ, वापरातला बूथ असा नसतो. जुने फिल्टर हाच तुमचा पुरावा होता."
हे मला कोणी आधी का नाही सांगितलं! पाहुणे येणार म्हटल्यावर आपण घर आवरतो. मी पुरावाच आवरून टाकला.
मग त्या वर्कशॉपच्या मागच्या अंगणात गेल्या. कंपाउंडच्या भिंतीवर तपकिरी डाग, मधे उंच चौकोन कोरे. दारं टेकवून फवारा मारला की असंच होतं. मी म्हणालो, जुनं आहे, तीन वर्षांपूर्वी बूथ घेतला त्याआधीचं. त्यांनी विचारलं, "भिंतीला चुना कधी मारलाय?" मी सांगून मोकळा, "गेल्या दिवाळीत."
बोललो आणि कळलं. डाग चुन्यावर होते. त्यांनी फोटो काढले. आठ दिवसांत लेखी खुलासा द्यायचाय.

११ मार्च
नानांवर ओरडलो. आयुष्यात पहिल्यांदा. त्यांनी ऐकून घेतलं, मग टेप घेऊन आले आणि बूथच्या दारात धरला. सात फूट.
"आठ फुटनं दार ह्या डबामा फिरस का? तूच सांग."
बूथचं माप मी दिलं होतं. उंच कपाटांच्या ऑर्डरी मीच घेतो. ती दारं कुठे मारली जातात हे मी कधीच विचारलं नाही. का? उत्तर माहीत होतं म्हणून. लाज वाटते.

१३ मार्च
अक्कांकडे गेलो, तक्रार मागे घ्या म्हणायला. त्यांनी बिबडं भाजलं, पुढ्यात ठेवलं. "खाईसन देख."
खाल्लं. चांगलं लागलं. तसं म्हणालो तर अक्का बघतच राहिल्या.
उरलेलं घरी आणलं. सौ.ने तोंडात घातलं आणि थुंकलं. "शी! रॉकेल सांडलंय का यावर?"
मला वासच आला नव्हता. मग कापूर, हिंग, चहापत्ती, सगळं हुंगून पाहिलं. येतो, पण लांबून आल्यासारखा. मी तर ऑफिसात बसणारा माणूस. नानांचं काय झालं असेल? त्यांना विचारायची हिंमत नाही.

१६ मार्च
ओळखीच्या सल्लागाराने खुलासा लिहून आणला. "सदर कामगाराने मालकाच्या सूचनेविरुद्ध उघड्यावर फवारणी केली, त्यास कामावरून कमी करण्यात आले आहे." म्हणाला, सही करा, सुटाल. सगळे असंच करतात. महिनाभराने म्हातारा परत घ्या, कोण बघतंय.
पेन उघडलं, बंद केलं.

१८ मार्च
स्वतःच लिहिलं. बूथ लहान आहे, उंच दारं बाहेर मारली जात होती, जबाबदारी माझी. मोठा बूथ होईपर्यंत उंच दारं मारणार नाही.
देऊन आलो. तिथला कारकून वाचून म्हणाला, "असं कोणी लिहून देत नाही हो."
नानांनी विचारलं, "त्यामा मनं नाव लिखं का?"
नाही म्हणालो. ते गन पुसत बसले, स्वच्छच होती ती.

२० मार्च
मंडळाकडून काही नाही. गेटवर गाडी थांबली की उठून खिडकीशी जातो.
धुळ्याच्या शेठजींची आठ उंच दारं पॉलिशविना कच्ची उभी आहेत. मुलीच्या लग्नाचं सामान. आज चौथा फोन, "भाऊ, शब्द दिला होता तुम्ही." ऑर्डर गेली तर हा महिना कारागिरांना काम नाही.
संध्याकाळी नाना जवळ येऊन हळूच म्हणाले, "रविवारले अक्का नातेवाईकसकडे जाई राहिनी. मांगे ताडपत्री बांधसू, बठ्ठा दार मारी टाकसू. कोणले काय समजस?"
ताबडतोब नाही म्हणायला हवं होतं. मी विचारलं, ताडपत्री किती मोठी आहे.