गळती : एकूण एक्केचाळीस

३ मार्च
प्लंबिंगच्या कोर्सचं सरकारी अनुदान ३१ तारखेला संपतंय. नव्याने अर्ज करायचा. प्राचार्य म्हणाले, हेडक्लार्ककडून लिहून घ्या. मी म्हटलं, कशाला? सोळा वर्षं पाइप जोडतोय, चार वाक्यं जोडता येणार नाहीत? उद्या सकाळीच बसायचं.

७ मार्च
बसलो. अर्जाचं शीर्षक ठरलं. दमलो.

११ मार्च
बॅचमधल्या ताईंनी विचारलं, कोर्स जूनपर्यंत नक्की चालेल ना. शिवणाचा कारखाना बंद पडला म्हणून पन्नाशीत आमच्याकडे आल्यात. हॉस्पिटलच्या मेंटेनन्समध्ये जागा आहे, पण जूनचं सर्टिफिकेट पाहिजे. पाइपला आटे पाडताना त्यांचा हात माझ्यापेक्षा सफाईदार चालतो. हे त्यांना सांगितलेलं नाही, लोक डोक्यावर बसतात. अनुदान खिशात आहे समजा, म्हटलं.

१४ मार्च, दुपारी ४.४०
पाचची मुदत. अर्ज गेला. एक रकाना फारच सोपा निघाला : ‘गळती’. सरकार इतक्या बारकाईने विचारतं हे बघून बरं वाटलं. कामाच्या वहीतून बॅचने काढलेल्या सगळ्या गळत्या मोजल्या, टाक्या-संडास धरून. ४१. शेजारी लिहिलं, ‘पुढील वर्षी याहून अधिक करण्याचा मानस आहे.’

२६ मार्च
नामंजूर. कारण : प्रशिक्षणार्थी सोळा, गळती एक्केचाळीस, वर वाढवण्याचा मानस. गळती म्हणजे कोर्स अर्धवट सोडून गेलेले, असं हेडक्लार्कने हळूच सांगितलं. आमच्याकडे असे दोनच. त्यातला एक तर नोकरी लागली म्हणून गेला. प्राचार्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. चूक भाषेची आहे. कुठल्याही प्लंबरला विचारा. अपिलाला दहा दिवस आहेत. रग्गड.

२९ मार्च
अपिलाचा सूर ठाम असावा की नम्र? हिचं म्हणणं, दोन ओळींत ‘चुकलं’ लिहा आणि पाठवून द्या. हिला सरकारी कामकाज कळत नाही.

१ एप्रिल
वर्कशॉपला कुलूप. माझाही करार संपला, तात्पुरता. ‘गळती’ या शब्दाच्या अर्थावर दीड पान झालंय. मुद्द्यावर उद्या येतो.

६ एप्रिल
मुदत काल संपली. सुट्ट्या त्यात धरत नाहीत, असं मीच धरून चाललो होतो.

सकाळी माझी हत्यारं आणायला गेलो. ताई फाटकाशी उभ्या होत्या, हॉस्पिटलात जाऊन आलेल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, “सर, अर्धं शिकल्याचा दाखला मिळतो का?”

वर बोलून बघतो म्हणणार होतो. तोंड उघडलंही. मग नाही म्हणालो. चूक माझी होती, एवढं मात्र तोंडातून निघेना. लाज वाटली. पेटी जड दिसली म्हणून त्यांनी दुसरी कडी धरली आणि मला बसथांब्यापर्यंत सोडायला आल्या.