ठेंगूचा पहिला हंगाम

२ मार्च

हिशेब, खराखुरा. भंगारवाल्याला किलोच्या भावानं एकोणीस हजार. नागपूर रोडवरून इचोड्यापर्यंत टेम्पो, चढवा-उतरवायला माणसं, ढाब्यावर त्यांचं जेवण, साडेचार हजार. त्या पायी साडूच्या मुलीचं लग्न चुकलं. लग्न चुकलं म्हणून सुमनचा अबोला, अजून चालू. उतरवताना अंगठ्याचं नख गेलं. म्हणजे साडेतेवीस हजार, एक लग्न, एक नख आणि एक बायको. तरी स्वस्तच.

जुना छोटा ट्रॅक्टर. जपानी बनावट, दोन सिलिंडर, डिझेल. काटोलकडं संत्र्याच्या बागेत होता, फांद्यांखालून जावा म्हणून बुटका. टायर कुजले, इंजिन जाम. नाव ठेवलं ठेंगू. पंपाच्या दुकानामागच्या शेडमधला हा तिसरा.

रात्री ताट वाढताना सु. बोलली एकदाची. "घरात एक जुनं इंजिन खोकून राह्यलं ते पुरत नव्हतं का?"

९ मार्च

दोन्ही नोझल काढले. सिलिंडरमध्ये डिझेल आणि पातळ तेल ओतून ठेवलंय. रोज दुकान उघडायच्या आधी पाना लावायचा, थोडा दाब द्यायचा, सोडायचं. जोर करायचा नाही. जोर केला की आत रिंग तुटते. हे पुस्तकात नाही. ढाब्यामागं ट्रकखाली झोपत होतो त्या दिवसांत पाठीवर मिस्त्रीचा मार खाऊन शिकलो.

समोरचा मल्लय्या चहा घेऊन आला, ठेंगूभोवती एक चक्कर मारली. "एम शेठ, नडुस्तदा?"
म्हटलं, चालणार नाही, पळणार.

१७ मार्च

हलला! हाताला कळायच्या आधी कानाला कळलं. आत कुठंतरी बारीक 'चिक्', बाटलीचं बूच निघतं तसं. मग पाना केसभर पुढं.
खुर्चीत बसून रस्त्यावरच्या ट्रकचं बेअरिंग सांगतो मी. लोकांना गंमत वाटते. गंमत नाही, भाकरी आहे ती.

२३ मार्च

गावी. (नेरडीगोंड्याहून आत.) दादाचा बैल हरण्या गेला. वैरणीत साप होता. मी पोचलो तोवर पुरून झालं होतं. दादा गोठ्याच्या उंबऱ्यावर, हात मांडीवर.
जोडीतला मोत्या उरला. गव्हाणीवर आपल्याच बाजूला उभा राहतो, हरण्याची जागा मोकळी ठेवून. वैरण मधोमध टाकली तरी.

दादा म्हणाला, "नवी जोडी आता होत नाई. शेजारच्या गणपतपाशीबी एकच बैल उरला. सावड करू. माहा एक, त्याचा एक. आज त्याचं वावर, उद्या माहं."

गोठ्यापासून घरापर्यंत चालताना दादाचा श्वास ऐकला. मध्येच अडला, मग दोन धापा, मग सरळ. डिझेलमध्ये हवा शिरली की इंजिन असंच करतं.
"दादा, दम लागून राह्यला का?"
"धूळ आहे."
धूळ नव्हती.

६ एप्रिल

ठेंगू सुरू झाला. आधी काळा धूर, मग निळा, मग नुसती हवा थरथरते तसं. ठुक ठुक ठुक. दुसऱ्या सिलिंडरला एक बारीक टकटक होती, टॅपेट ढिला. पाव फेरा आवळला, गेली.
सु. पदर नाकाला लावून दारात. "झालं समाधान?" म्हटलं, बस, एक चक्कर मारू. बसली नाही. पण बांगड्या मागं सारून सीट पुसली तिनं.

१३ एप्रिल

मागच्या अर्ध्या एकरात वांग्याची जागा नांगरली. मोठा ट्रॅक्टर बांधावरच अडतो, हा पेरूच्या झाडाला वळसा घालून येतो. माती ओली नाही, कोरडी नाही, फाळामागं भाकरीसारखी उलटत जाते. विनाकारण दोनदा जास्त फिरवला.

२० एप्रिल

वहिनीचा फोन. "भाऊजी, गाडी घेऊन या."
आदिलाबादला दवाखान्यात. डॉक्टर म्हणाले हृदय मोठं झालंय, जोर कमी पडतो. गोळ्या कायमच्या. वखर, डवरा, डोक्यावर ओझं, सगळं बंद. दादानं विचारलं, "कापूस निघेपर्यंत चालते ना?" डॉक्टरांनी मान वर न करता लिहिणं चालू ठेवलं.

येताना गुडीहत्नूरला चहाला थांबलो. दादा हसत होता. "रामा, तुही पंपाची दुकान आहे. माह्या पंपाचं वायसर असन तर पाह्य."
वहिनी हसली नाही. दादा लघवीला गेला तेव्हा म्हणाली, "डवरा धरला यंदा, तर वावरातूनच उचलून आणा लागन त्यायले. तुमीच काही करा."

२१ एप्रिल

झोप नाही. पण सकाळी सगळं सरळ दिसलं. कपाशीत तण काढायला डवरा चालवायचा, हेच दादाचं मरण. मग बैलाऐवजी ठेंगू. कपाशीच्या दोन तासांच्या, म्हणजे ओळींच्या, मधून जाईल एवढाच आहे. सोपं.

मल्लय्याच्या टपरीवर पाच-सहा जण होते. सगळ्यांसमोर बोललो, "पोळ्याच्या आत दादाच्या हातातला कासरा सोडवतो. कपाशीतून ठेंगू फिरवतो. मंग रस्त्यावर उभं राहून पाहा. एक झाड मेलं, ओळीत एक खाडा, एक मोकळी जागा दिसली, तर इथं सगळ्यायले वर्षभर चहा माह्याकडून."
मल्लय्या म्हणाला, चहाची वही आत्ताच घालू का?

११ मे

ठेंगूला मागं डवऱ्याचं पातं बसवलं, वेल्डिंग स्वतः. चाकं उलटी करून आत घेतली. तरी अंगाची रुंदी तीन फुटांच्या आसपास. दादा तासं तीन फुटांवर ठेवतो. चार हवीत.
गावी जाऊन सांगितलं, दादा, यंदा बी टोबायची फुली चार फुटांवर मार. बाकी माझ्यावर सोड.
"पाहू," म्हणाला.
येताना सु.ला सांगितलं, दादा तयार आहे. ती म्हणाली, तयार म्हणाले का पाहू म्हणाले? म्हटलं, एकच ते.

१९ जून

कपाशीची टोबणी झाली, बी मातीत गेलं. दादानं फोन केला नाही, वहिनीकडून कळलं. टेप घेऊन गेलो.
तीन फूट. या टोकापासून त्या टोकापर्यंत तीन फूट. बैलांच्या जुवाच्या मापानं.
बोलाचाली झाली. मी जास्त बोललो. "माह्या साडेतेवीस हजारापायी नाई म्हणून राह्यलो, तुह्या जिवापायी," इथपर्यंत बोललो. दादा बियाण्याची रिकामी पाकिटं गोळा करत होता. तेच करत राहिला.
हट्ट. बैलवाल्याचा हट्ट, दुसरं काही नाही.

२९ जून

मी ऐकलं नाही. ठेंगूला टेम्पोत घालून गावी नेला. म्हटलं बसवून दाखवतो. रोपं चार पानांवर. बांधापासून आत दहा पावलं घातला नसेल, डावं टायर रोपावर, सावरलं तर उजवं. बंद केला. ढकलत मागं आणला.

दादा बांधावर बसून पाहत होता. बाजूला जागा केली, बस म्हणाला. मग सावकाश बोलला, दम घेत घेत. जसं बोलला तसं लिहितो.
"चार फुटावर फुली मारता येत होती मले. मंग माह्या वावरात गणपतच्या बैलाले काम काय राह्यलं? अन् माह्या वावरात त्याचा बैल आला नाई, तर त्याच्या वावरात मोत्याले तो कोणत्या तोंडानं नेईन? फुकट?"
म्हटलं, त्याचंही वावर ठेंगूनं करून देतो. तासं आजच दुरुस्त होत नाहीत, पण पुढच्या साली.
"बरं. अन् तो तुले काय देईन?"

मी आयुष्यात कोणाचा फुकट चहा घेतला नाही, असं दुकानात बसून दिवसातून दोनदा सांगतो. एवढं मला कळायला पाहिजे होतं.
ठेंगू चिंचेखाली ठेवून आलो. न्यायचा कसा म्हणून. खरं म्हणजे नेववला नाही.

१३ जुलै

गणपतकडे गेलो, दादाला न सांगता. मी धंदेवाला माणूस, वाटलं काही तोड काढू. म्हटलं, गणपतभाऊ, ठेंगूचं काम घ्या, त्याच्या बदल्यात काही ना काही...
"काय देऊ शेठ? दुकानात येऊन पाना धरू तुमचा?" हसला. मग म्हणाला, "मी दादाले म्हटलं होतं, तुहा डवरा मीच धरतो. तर म्हणते कसे, अन् तुहा मी कवा धरू? पाय चालत नाई, उधारी कायले करू."
गडी लावावा तर मिळत नाही, सगळे आपापल्या कपाशीत.

परतताना वावरावरून आलो. दादा डवऱ्यामागं. वहिनी बांधावर पाण्याचा तांब्या घेऊन. तो थांबला की उठते, चालला की बसते. चालला. थांबला. उठली. गाडीची काच वर करून घेतली मी.

२७ जुलै

पाऊस, दुकान रिकामं. मागच्या वांग्यांत काम होतं, शेडमधला दुसरा ट्रॅक्टर काढला. किल्ली लावली, काढून घेतली. आज कुदळीनंच खणलं.
सु. म्हणाली, "आवाज आला नाई आज."

३ ऑगस्ट

गावी. बांधावर वहिनीजवळ बसलो होतो. मोत्याच्या गळ्यात घुंगरू आहेत. पावलाला एक, पावलाला एक. बोलता बोलता मला वाटलं काहीतरी बंद पडलं. वहिनीच्या आधी उठलो. दादा तासात खाली बसला होता, हात डवऱ्याच्या रुमण्यावर तसाच. बैल आपोआप उभे. दोघेही मान वळवून मागं पाहत होते.
पाणी दिलं, जिभेखालची गोळी दिली. ओठ निळसर. आदिलाबादला चल म्हटलं तर नाही. "अर्धं राह्यलं. उद्या जोडी गणपतच्या वावरात जाते. त्याचा दिवस कसा मोडू?"

त्याला चिंचेखाली आणलं. खाली बसवत होतो, तर म्हणाला खाली बसलं की उठवत नाई. ठेंगूच्या सीटवर बसला. बरोबर उंची.
मग मी चपला काढल्या आणि डवरा धरला.

चौदाव्या वर्षी गाव सोडलं, त्यानंतर आज. हात विसरले नव्हते असं लिहिणार होतो, पण विसरले होते. मोत्या डावीकडं ओढतो, गणपतचा तांबडा दमानं चालतो. मी कासरा आवळला की मोत्या अजून ओढतो. ठेंगूच्या सीटवरून दादा ओरडून राह्यला, जेवढा दम होता तेवढ्यात, "रामा, ढिला सोड. मशीन नाई ते! ढिला सोड!"
बांधापलीकडं गणपत उभा होता. पाहून गेला. सावड मोडली नाही एवढं त्याच्या चालण्यावरून कळलं.

४ ऑगस्ट

दोन्ही तळहात फुटले. सु.नं हळद लावली. पाना धरता येत नाही.
दादाला वहिनीनं शेवटी दवाखान्यात नेलं, मोठ्या भाच्याच्या गाडीतून. दोन गोळ्या वाढवल्या. नागपूरला मोठ्या डॉक्टरांना दाखवा म्हणाले. दादा म्हणे पोळा होऊ द्या.

१० ऑगस्ट

आता ठरलं आहे. दादाच्या वावराची पाळी आली की दुकान बंद. डवरा माझा. घरचा माणूस धरतो त्यात उधारी नाही, हे गणपतलाही मान्य, दादालाही. साठीत मी दादाचा गडी. मल्लय्याला सांगितलं नाही. दुकान बंद पाहून त्याला कळलंच.

दादा ठेंगूवर बसून असतो. आज स्टिअरिंगला हात लावून विचारलं, "हे फिरवायला जोर लागते का?"
म्हटलं, अजिबात नाही.
"हं."
'हं' म्हणजे काय, ते मी लिहीत नाही. 'पाहू'चं काय झालं ते आठवतंय.

पोळ्याची आदली संध्याकाळ

गावीच. बैलांचे खांदे लोण्या-हळदीनं मळले. मोत्याचे दादानं, बसून. तांबड्याचे गणपतनं. दोघांना एकाच वेळी म्हटलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." मोत्याच्या खांद्यावर जुवाचा वळ आहे, डावीकडं जास्त. तो माझ्या हातचा.

जाताना गणपत चिंचेखाली थांबला. हातातली पुराणी, बैल हाकायची काठी, ठेंगूच्या एका चाकापासून दुसऱ्या चाकापर्यंत आडवी धरली, अंगठ्यानं त्या मापाची जागा दाबून ठेवली. दादानं पाहिलं. मीही पाहिलं. नागपूरच्या डॉक्टरांचं आज कोणी काढलं नाही.

मल्लय्या आज इकडून बाजाराला गेला होता. मोटारसायकल उभी करून, चहाच्या वहीसाठी मोजले म्हणाला. दादाच्या कपाशीत सतरा खाडे आहेत. सगळे मी धरलेल्या तासांत. रस्त्यावरून दिसतात.