हिराच्या हातची भाकर

४ जाने., रवि. खोपोली

उपासना सुटल्यावर हिरानं पदर सारखा करत विचारलं, "ताई, परभूच्या भोजनाची भाकर करायची माजी पाळी कदी येल गं?" दर पहिल्या रविवारी एका घरची बाई भाकर करते, सगळे तीच मोडून खातात. हिरा डोंगरावरच्या आदिवासी ठाकुरवाडीहून येते. बाप्तिस्म्याला दोन-तीन वर्षं झाली. चर्च झाडते, पाळी मात्र नाही. पाळकसाहेब म्हणाले, फेब्रुवारी तुझी. केवढी हसली!

२५ जाने.

धुकं. घाट कुठे गेला कोण जाणे. पप्पा आजोबांची गोष्ट सांगत बसले. गावच्या विहिरीला हात लावू देत नसत. ओंजळ धरायची, वरून कुणी ओतलं तर प्यायचं. म्हणून ख्रिस्ती झालो. हज्जारदा ऐकलीय, तरी पप्पांचे डोळे भरले की माझेही...

१ फेब्रु., रवि.

तांदळाची भाकर. पांढरीशुभ्र. हिरा नव्या लुगड्यात, पहिल्या बाकावर. पाळकसाहेब नेहमीप्रमाणे म्हणाले, ज्याचं मन तयार नसेल त्यानं पुढे येऊ नये. कुणी उठेचना! एरवी भावाशी कोर्टात भांडणारेही रांगेत पुढे. आज सगळ्यांचीच मनं एकदम मळली. पप्पांचंसुद्धा. पाळकसाहेब, हिरा, मी. बस्स.

घरी पप्पांना विचारलं तर, "मन तयार नव्हतं." मटण मात्र दोनदा वाढून घेतलं. खायचे दात वेगळे. इतका राग आला!

८ फेब्रु.

हिरा झाडू घेऊन उभी. "भाकर कच्ची व्हती का गं?" मग स्वतःच म्हणाली, "नाय करायची आता. झाडते त्येच बरं."

१५ फेब्रु.

दुपारी डोळा लागला. स्वप्नात ती विहीर. आजोबा ओंजळ धरून बसलेले, पाणी काही संपेना. ओततंय कोण म्हणून वर बघितलं. पप्पांचे हात. अंगठीसकट.

१ मार्च, रवि. सकाळ

आज माझी पाळी. हिराला काल हट्टानं घरी आणलं. "मला नको गं गुतवू," म्हणाली, पण आमच्याच ओट्यावर भाकर थापतेय. पप्पा पांढरा सदरा घालून दारात उभे. मी विचारलं, "आज मन तयार आहे ना?"

हिरा म्हणाली, "बाबा, पानी देऊ?" तांब्या पुढे केला.

पप्पांनी तांब्या घेतला नाही. खाली वाकून ओंजळ धरली. तिच्या तांब्याला हात लागू नये म्हणून, की आजोबा आठवले म्हणून? तोंड दिसेना. हिरा बावरली, मग वरून धार धरली. प्याले.

भाकर फडक्यात बांधलीय. घंटा झाली, निघायला हवं.