गागोद्याच्या चढावरची गाडी

नावेदभाई,

सलाम लिहितेय तो अम्मीने शिकवलंय म्हणून. तुझी इज्जत वाटते म्हणून नाय.

अब्बांनी वरसेच्या शेडमध्ये वीस वर्षं पेट्रोलच्या मोटारसायकली बनवल्या. विजेवर जायला माझाही विरोध नव्हता. पण तू दुबईहून आलास, इंजिनाचे साचे भंगारात दिलेस, तयार मोटरी आणून त्यांवर आपलं नाव चिकटवलंस, पेणच्या हॉलमध्ये हार घालून घेतलास आणि परत गेलास. त्या दिवसापासून अब्बांनी शेडमध्ये पाय ठेवला नाय.

पहिली गाडी गागोद्याच्या कमळाकरभाऊंनी घेतली. ती गावच्या चढावरच बंद पडली. टेम्पोत घालून आणली त्यांनी. तुला फोन केला, तर म्हणालास, "लोड कमी करायला सांग." लोड म्हणजे त्यांची बायको, धोंडुबाई! एवढीच तुझी इंजिनियरी.

मी अब्बांच्या जुन्या मशीनवर मागच्या चाकासाठी मोठं स्प्रॉकेट, म्हणजे साखळीचं दातेरी चाक, बनवून बसवलं. वेग थोडा घटला, पण नवराबायको दोघं चढ चढून गेली. धोंडुबाई घरी पेढे घेऊन आली, तेव्हा अब्बांनी विचारलं, "कोणी केलं गो?"

त्यांचा चेहरा बघितला आणि माझ्या तोंडून निघालं, "भाईने फोनवर सांगितलं, तसं केलं."

वर्षात पहिल्यांदा अब्बा हसले. आता रोज शेडमध्ये येऊन बसतात, येईल त्याला तुझ्या अकलेचं कौतुक ऐकवतात आणि मी मान डोलवते.

तू खरं सांगून टाकशील, म्हणून हे पत्र टाकणार नाय. आत्ताच दारातून म्हणाले, "नावेदला लिहितेस ना? माझ्याकडून शाब्बास लिही."

लिहिलं.

आमना